खुर्चीत ऐकलेलं

हॉस्पिटलात सगळे त्यांना वस्तरेकाका म्हणत. खरं तर वस्तरा त्यांच्या हातातून जाऊन कैक वर्षं झाली होती. ऑपरेशनच्या आधी पेशंटचे केस वस्तऱ्याने काढू नयेत, कातडीला बारीक जखमा होतात, असं वरून ठरलं आणि काकांच्या हातात चार्जिंगवरचं मशीन आलं. नाव मात्र तेच राहिलं. खऱ्या नावाने त्यांना फक्त पगाराच्या दिवशी हाक यायची, आणि ती ऐकून काका स्वतःच मागे वळून बघायचे, की हा कोण बुवा.

सर्जिकल वॉर्डच्या टोकाला, चादरींच्या कपाटाशेजारी त्यांची खोली होती. आपली खोली म्हणायची म्हणून. पूर्वी तिथे बादल्या ठेवत. आता एक उंच बाक, एक खुर्ची, भिंतीला पांढऱ्या टाइल्स आणि कोपऱ्यात झाडू-सुपली. आरसा नव्हता. केस कापणाऱ्याच्या खोलीत आरसा नाही, हे काकांना कधी पटलं नाही. मोठ्या सिस्टरांना ते एकदा म्हणालेसुद्धा. सिस्टर म्हणाल्या, "अहो, पेशंटला काय लग्नाला जायचंय?" काका म्हणाले, "म्हणूनच हवा. आत जाण्याआधी माणसाला एकदा आपलं तोंड बघावंसं वाटतं." सिस्टर जरा गंभीर झाल्या, पण आरसा काही आला नाही.

त्या खोलीत माणसं बोलायची. कपडे उतरलेले, पोटावर मशीन फिरतंय, तासाभरात कुणीतरी आपल्याला कापणार आहे, अशा वेळी माणूस दोनच गोष्टी करतो. एक तर गप्प होतो, नाहीतर धबधब्यासारखा बोलत सुटतो. बहुतेक बोलत सुटायचे. डॉक्टरांपुढे ज्यांच्या तोंडातून "हो" आणि "बरं" याखेरीज शब्द फुटत नसे, ते इथे बाकावर आडवे होऊन बायकोला न सांगितलेलं, भावाशी केलेलं, नको तेवढं सगळं ओकून मोकळे व्हायचे. कारण उघड होतं. डॉक्टर उभ्या उभ्या विचारतात आणि पुढच्या खाटेकडे बघत विचारतात. काकांना विचारायचं काहीच नसे, आणि उठून जाताही येत नसे.

न्हाव्याच्या दुकानात बातमी सांगितली की दवंडी पिटायला नको, असं लोक म्हणतात. काकांच्या उस्तादांना हे ऐकलं की राग यायचा. ज्यांच्या हाताखाली काका धंदा शिकले, ते हे उस्ताद. त्यांचा एकच नियम होता. खुर्चीत ऐकलेलं केसांबरोबर झाडून टाकायचं. सुपलीत भरायचं, बाहेर फेकायचं, हात धुवायचे. "कात्री चुकली तर केस परत येतात," उस्ताद म्हणायचे, "जीभ चुकली तर गिऱ्हाईक येत नाही." पुढे काकांनी स्वतःचं दुकान काढलं, ती इमारत मालकाने विकली तेव्हा दुकान गेलं आणि ते हॉस्पिटलात आले. कात्र्या गेल्या, आरसे गेले, पण नियम बरोबर आला. इतक्या वर्षांत त्यांच्या खोलीतली गोष्ट उंबऱ्याबाहेर गेली नव्हती, आणि याचा त्यांना गर्व होता. गरिबाला कशाचा तरी गर्व लागतोच की.

पण ऐकणाऱ्या माणसाचं एक होतं. सांगायची सवय मोडते. बायको होती तेव्हा ती म्हणायची, "साऱ्या जगाचं ऐकून येता आणि घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप." ती गेली. मुलगी लांब दिलेली, तिच्या संसारात. घरात काका आणि चार भांडी. शेजारच्या बिऱ्हाडात एक नवरा-बायको होते, त्यांची रोज भांडणं व्हायची, कधी आमटीत मीठ जास्त म्हणून, कधी पंख्यावरून. काकांनी आपली खाट ओढून त्या भिंतीला लावली होती. दुसऱ्या कुणी असल्या कटकटीला कंटाळून घर बदललं असतं. काकांना ती ऐकल्याशिवाय झोप येत नसे. ती दोघं एकदा गावाला गेली तेव्हा काका नुसते या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

ही गोष्ट त्यांनी जगात एकाच माणसाला सांगितली. तो कंडक्टर.

कंडक्टर म्हणजे बसचा, रिटायर झालेला. उंच, हाडं दिसणारा, आवाज असा की वॉर्डच्या या टोकाला बोलला तर त्या टोकाचा पेशंट जागा व्हावा. हर्नियाचं ऑपरेशन करायला म्हणून दाखल झाला, तर साखर वाढलेली निघाली. ती खाली येईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकललं आणि म्हातारा वॉर्डात अडकून पडला. दाढी वाढली म्हणून तो एकदा काकांच्या खोलीत शिरला. दाढ्या करणं काकांच्या कामात नव्हतं. त्याच्याच साबण-रेझरने त्यांनी ती केली. दुसऱ्या दिवशी तो परत आला.

"अहो, काल तर केली," काका म्हणाले.

"मग आज बसायला आलोय. सीट रिकामी दिसली."

बाकी सगळे आपलं सांगायचे. या म्हाताऱ्याने एक दिवस गालाला साबण लावलेला असतानाच विचारलं, "वस्तरे, सगळे तुम्हाला सांगतात. तुम्ही कुणाला सांगता?"

काकांचा हात थांबला. "माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखं?"

"ते मी ठरवीन. बोला. तिकीट काढल्याशिवाय गाडी हलायची नाही."

तेव्हा काकांनी ते भिंतीचं आणि भांडणाचं सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हा म्हातारा गडगडाटी हसणार आणि ते वॉर्डभर ऐकू जाणार, असं वाटलं. कंडक्टर हसला नाही. गालावर सुकत आलेला साबण बोटाने पुसत म्हणाला, "तुमचं नशीब. माझ्या दोन्ही बाजूंची घरं बंद आहेत."

त्या दिवसापासून काका सकाळी घरून निघताना लवकर निघू लागले. हॉस्पिटलात जायची कुणाला ओढ लागावी, हे ऐकायलाही विचित्र वाटेल. पण लागली होती. म्हातारा सांगायचा, "घरी गेलो की रविवारी यायचं. तुमच्या बसस्टॉपपासून लांब नाही. तुम्ही माझी दाढी करा, मी तुम्हाला शिव्या देतो. दोघांचाही वेळ जाईल." काका नुसते हसायचे. मनात मात्र त्यांनी तो रविवार केव्हाच ठरवून टाकला होता. उस्तादांचा नियमही त्यांनी म्हाताऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितला होता, आणि तेच पुढे नडलं.

साखर खाली आली. ऑपरेशनचा दिवस ठरला. लांबच्या शहरातून मुलगा आला, नोकरीवरून कशीबशी रजा काढून, आणि ती रजा त्या आठवड्यापुरतीच होती. आता पुन्हा तारीख बदलली तर तो थांबू शकणार नव्हता. वॉर्डात हे सगळ्यांना ठाऊक झालं, कारण म्हातारा ते सगळ्यांना सांगत होता. मुलगा आला आहे हे सांगण्याचं निमित्त, दुसरं काय!

त्या सकाळी कंडक्टर बाकावर आडवा झाला. काकांनी पोटावर मशीन फिरवायला घेतलं. म्हातारा आज हळू बोलत होता.

"वस्तरे, एक गंमत सांगू? चहा मारून आलो."

"कसला चहा?"

"गेटजवळच्या टपरीवरचा. अंगावर चादर घेतली आणि गेलो. दोन टोस्टही बुडवले." तो छताकडे बघत होता. "म्हटलं, आतून परत आलोच नाही तर? एक कप तरी पिऊन जावं."

काकांनी मशीन बंद केलं. ऑपरेशनआधी पोट रिकामं का लागतं, हे हॉस्पिटलात झाडूवाल्यालाही माहीत असतं. भुलीत पोटातलं वर येतं आणि फुप्फुसात उतरतं. हसत आत गेलेला माणूस नळ्या लावून बाहेर येतो. कधी तसाही येत नाही.

"सिस्टरांना सांगितलं?"

"त्यांनी विचारलं, काही खाल्लं नाही ना? म्हटलं, नाही. भुलीच्या डॉक्टरबाईंनी पण तेच विचारलं. त्यांच्या हातात पेन होतं, त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हटलं, नाही."

"आत्ता सांगा. मी बोलावतो त्यांना."

"खुळे की काय तुम्ही?" म्हातारा कोपरावर उठला. "मग ऑपरेशन पुढं ढकलतील. पोरगा निघून जाईल. मी बाहेर आल्यावर कोण असेल तिथे? उपाशी राहून माणूस मेलेला ऐकलाय, चहा पिऊन मेलेला ऐकलाय का कधी?" मग तो पुन्हा आडवा झाला आणि डोळे मिटून म्हणाला, "तुमचा तो नियम आहे ना, केसांबरोबर झाडायचं? मग झाडा."

काकांनी मशीन पुन्हा चालू केलं. त्यांनी उरलेलं काम केलं. मामा आला. हा स्ट्रेचर ढकलणारा, वॉर्डात सगळे त्याला मामाच म्हणत. त्याने म्हाताऱ्याला नेलं. मुलगा स्ट्रेचरला हात लावून बरोबर चालत होता. काकांनी झाडू घेतला. केस सुपलीत भरले. पण हात धुवायला नळाशी गेले आणि नळ सोडून नुसते उभे राहिले.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. सांगितलं तर म्हातारा पुन्हा तोंड बघणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. या वयात माणूस जोडायला किती वर्षं लागतात, आणि तोडायला एक वाक्य. नाही सांगितलं तर कदाचित काहीच होणार नाही. दहातल्या नऊ वेळा होत नसेल. आपण बरं, आपलं काम बरं. डॉक्टरांनी विचारलं, पेशंटने सांगितलं, मध्ये न्हावी कोण?

पाणी वाहत होतं. काकांनी नळ तसाच सोडला आणि ते निघाले.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी जमिनीवर एक तांबडी पट्टी होती. बाहेरच्या चपलांनी तिच्या पलीकडे जायचं नाही. काका इतकी वर्षं तिथे होते, पण तिथवरसुद्धा कधी आले नव्हते. त्यांनी चपला काढल्या, अनवाणी पट्टीवर उभे राहिले आणि हाका मारायला लागले. मामा धावत आला, "अहो, ओरडता काय?" काका म्हणाले, "भुलीच्या बाईंना बोलवा. आत्ता. सुई लावण्याआधी."

बाई मास्क खाली करत आल्या. वैतागल्या होत्या. काकांनी एका दमात सांगितलं. चहा, टोस्ट, टपरी. सांगताना त्यांचा आवाज फाटला, जणू स्वतःचंच काही पाप कबूल करत होते.

बाईंनी त्यांना काहीही विचारलं नाही, त्या सरळ आत गेल्या. दार अर्धवट उघडं राहिलं आणि काकांना आतलं ऐकू आलं. "खोटं बोलतोय तो!" म्हाताऱ्याचा तो आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत पोचला. "न्हावी आहे तो, डॉक्टर नव्हे! मी पाण्याचा थेंब घेतलेला नाही!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "असेल खोटं. पण आज मी तुम्हाला भूल देणार नाही."

बाहेर येताना त्या काकांपाशी क्षणभर थांबल्या. "बरं केलंत," म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी काकांना ओळखलं नाही. त्यांचीही चूक नाही. दिवसभरात कितीतरी चेहरे बघतात आणि त्यातले बरेचसे मिटल्या डोळ्यांचे.

त्या आठवड्याची यादी भरलेली होती, म्हणून ऑपरेशन सोमवारवर गेलं. मुलाने रजा वाढवायला दोन-तीन फोन केले, मिळाली नाही. शनिवारी जाताना तो काकांच्या खोलीच्या दारात आला. "बाबांनी चूक केली, मला कळतं," तो म्हणाला. "पण तुम्ही मला बाजूला घेऊन सांगायचं होतं. मी त्यांना समजावलं असतं. त्यांनी स्वतः सांगितलं असतं. असं सगळ्यांसमोर त्यांना खोटं पाडायला नको होतं." मुलगा तर स्ट्रेचरला हात लावून समोरूनच गेला होता. त्याला सांगावं, हे काकांना सुचलंच नव्हतं. बोलायची सवय नसली की हे असं होतं. बोलायचं ठरवून माणूस शेवटी बोलतो, पण कुणाशी आणि कसं, तिथे चुकतो.

वॉर्डात बातमी पसरायला वेळ लागला नाही. वस्तरेकाकांपुढे तोंड उघडू नका, लगेच वर पोचतं. बाकावर आडवी होणारी माणसं आता भिंतीकडे तोंड करू लागली. काका विचारायचे, "गार लागतंय का?" ते म्हणायचे, "नाही." मशीनचा आवाज एवढा मोठा असतो, हे काकांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. उस्ताद बरोबर बोलले होते. गिऱ्हाईक येणं चुकत नव्हतं, कारण इथे यावंच लागे, पण आलेलं माणूस येऊनही न आल्यासारखं होतं.

एक बदल झाला, तोही कुणी जाहीर न करता. वॉर्डात खाटेच्या पडद्यामागून भुलीच्या बाईंचा आवाज यायचा. आता त्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसायच्या आणि विचारायच्या, "काल रात्रीपासून काय काय घेतलंत, सांगा. चहा, पाणी, गोळी, काहीही. मी रागावणार नाही." आणि मग गप्प राहायच्या. त्या गप्प राहिल्या की लोक सांगायचे. काकांना ते ऐकून बरं वाटायचं, आणि आतून खूप एकटंही वाटायचं. दोन्ही एकदम.

सोमवारी कंडक्टर आला. चालत आला, बाकावर झोपला, छताकडे बघत राहिला. काकांनी पोटावरचे खुंट काढले. शेवटी त्यांच्याने राहवलं नाही.

"कंडक्टरसाहेब, आज..."

म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले.

काकांनी मशीन ठेवलं आणि मोठ्या सिस्टरांकडे गेले. "मला ते आता काही सांगणार नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही जरा बसून विचारा. घाई नको." सिस्टर हातातलं काम टाकून आल्या, बाकाच्या कडेला टेकल्या, म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. काका दाराबाहेर उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हातारा म्हणाला, "नाही हो सिस्टर. आईशप्पथ. पाणीसुद्धा नाही." मग आणखी हळू, "भीती वाटते." तेही त्याने सिस्टरांनाच सांगितलं.

स्ट्रेचर गेलं. बरोबर चालणारं कुणी नव्हतं.

थिएटरबाहेरच्या बाकांवर नातेवाईक बसतात. काकांची दुपारची सुट्टी होती. ते तिथे जाऊन अगदी कडेला बसले, कुणी उठवलं तर पटकन उठता यावं म्हणून. दार उघडायचं, मामा नाव पुकारायचा, कुणीतरी धडपडत उठायचं. बऱ्याच वेळाने मामाने हाक दिली, "कंडक्टरांचं कोण आहे?"

कुणी उठलं नाही. मामाने पुन्हा विचारलं. तेव्हा काका उठले.

मागून सर्जन आले. त्यांनी काकांकडे बघितलं. "तुम्ही कोण त्यांचे?"

काकांनी मामाकडे बघितलं. मामाच म्हणाला, "आपले वस्तरेकाका, साहेब."

"बरं. ऑपरेशन चांगलं झालंय. संध्याकाळपर्यंत पाणी द्यायचं नाही. ते मागतील, हट्ट करतील. तरी नाही. कळलं का?" मग ते स्वतःच थांबले. "मी काय सांगितलं, जरा मला सांगा बरं."

"संध्याकाळपर्यंत पाणी नाही. मागितलं तरी नाही," काका म्हणाले.

म्हातारा खाटेवर आला तेव्हा काका शेजारी स्टूलवर बसले. सिस्टरांनी बघितलं, काही म्हटलं नाही. झोपेत त्याचा चेहरा लहान दिसत होता. दाढी वाढली होती. तेवढ्या दिवसांत ती कुणीच केली नव्हती.

ऊन खिडकीतून खाटेच्या पायथ्याशी आलं तेव्हा त्याने डोळे उघडले. आधी दाराकडे बघितलं, कुणाला तरी शोधत. मग मान वळवली.

"पाणी," तो म्हणाला.

"नाही देता येत," काका म्हणाले.

म्हातारा ओठांवरून जीभ फिरवत त्यांच्याकडे बघत राहिला. नजर अजून भुलीतच होती, पण त्याने ओळखलं.

"थोडं. एक घोट. कुणाला सांगू नकोस."

"नाही."

"हलकट आहेस तू," म्हातारा म्हणाला. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्वच्छ होते. "तुझ्यासारखा हलकट माणूस मी बघितला नाही."

काकांना हुंदका आला. भर वॉर्डात, आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बघत असताना, तोंडावर हात दाबून ते लहान मुलासारखे रडले. चार दिवस ज्या माणसाने त्यांच्याकडे बघूनही बघितलं नव्हतं, तो त्यांच्याशी बोलत होता. शिवी का असेना, ती त्यांना दिलेली होती.

"संध्याकाळी देतो," ते डोळे पुसत म्हणाले, आणि स्टूल आणखी जवळ ओढून बसले.